हात तोडल्यामुळे नाणं सुधारलं? विंचेस्टरच्या टाकसाळीची खरी हकीकत

इंग्लंडच्या इतिहासातली एक गोष्ट समाजमाध्यमांवर सारखी फिरत असते. गोष्ट थोडक्यात अशी: बाराव्या शतकात इंग्लंडच्या टाकसाळवाल्यांनी चांदीत हिणकस धातू मिसळून नाण्याची पार वाट लावली होती, महागाई आकाशाला भिडली होती. तेव्हा राजा पहिला हेन्री याने 1124 च्या नाताळात देशातल्या झाडून सगळ्या टाकसाळवाल्यांना विंचेस्टर शहरात बोलावलं, प्रत्येकाचा उजवा हात तोडला, वृषणं कापली, आणि त्यानंतर इंग्रजी नाणं कधी खोटं निघालं नाही. शेवटी तात्पर्य जोडलेलं असतं: भ्रष्टाचार असाच संपवायचा असतो.

मूळ घटना खोटी नाही. त्या नाताळात विंचेस्टरला माणसांचे हात तोडले गेले, हे समकालीन लिखाणात आहे. पण तिच्याभोवती रचलेला जवळपास प्रत्येक दावा चुकीचा किंवा अर्धवट आहे. आणि त्यातून काढलेला निष्कर्ष आजच्या माणसांबद्दल असतो, म्हणून तो तसाच सोडून देता येत नाही.

आधी पुरावा काय आहे ते पाहू. मुख्य साक्ष अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलची, म्हणजे पीटरबरोच्या मठात लिहिल्या गेलेल्या वर्षवार नोंदींची. तिथला भिक्षू लिहितो की राजाने नाताळाआधी नॉर्मंडीहून, म्हणजे समुद्रापलीकडे फ्रान्सच्या उत्तरेला असलेल्या आपल्या मुलखातून, हुकूम धाडला, राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा सॉल्झबरीचा बिशप रॉजर याने देशभरातल्या टाकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावलं, एकेकाला पकडून उजवा हात आणि वृषणं कापली, आणि नाताळापासून बारा रात्रींच्या आत हे सगळं उरकलं. भिक्षूच्या मते हे योग्यच झालं. फिरणारी गोष्ट या नोंदीवर उभी आहे. पण ती उचलणाऱ्यांनी त्याच भिक्षूची अलीकडची-पलीकडची वाक्यं वाचलेली दिसत नाहीत.

पहिला दावा असा की तोवर टाकसाळींना कुणाचा धाक नव्हता, जो तो मनाला येईल तसं नाणं पाडत होता. हा दावा सगळ्यात चुकीचा आहे, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण खरी हकीकत फार सुरेख आहे.

त्या काळी इंग्लंडात नाणं एकच: चांदीची पेनी, वजनाने साधारण दीड ग्रॅमच्या आत. 12 पेनींचा एक शिलिंग आणि 240 पेनींचा एक पौंड, पण शिलिंग आणि पौंड फक्त हिशेबात; हातात पडायची ती पेनीच. सुट्टे हवे असतील तर पेनीच्या मागच्या बाजूला असलेल्या क्रूसाच्या रेषेवर ती कापून अर्धी किंवा पाव करत. अशी पेनी एकाच राजवाड्यात पडत नसे. अकराव्या शतकात साठ-सत्तर गावांत टाकसाळी होत्या. विंचेस्टर त्यांतलं एक, आणि मोठ्यांपैकी एक. दहाव्या शतकात राजा ॲथेलस्टनच्या कायद्यात कोणत्या गावात किती टाकसाळवाले असावेत याची यादीच आहे: लंडनला 8, कँटरबरीला 7, विंचेस्टरला 6, आणि लहान गावांना एकेक. त्याच कायद्यात म्हटलंय की राजाच्या सगळ्या मुलखात नाणं एकच असेल आणि गावाबाहेर कुणी नाणं पाडायचं नाही.

पुढे 973 च्या सुमारास राजा एडगरने सगळ्या टाकसाळींचं नाणं एकसारखं केलं. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा आणि नाव, मागच्या बाजूला टाकसाळवाल्याचं नाव आणि गावाचं नाव. पेनी हातात आली की ती कुणी पाडली आणि कुठे पाडली हे तिच्यावरच वाचता येई. विंचेस्टरचे अँडरबोडा, लेओफवोल्ड, गॉडविन हे टाकसाळवाले आपल्याला माहीत आहेत ते याचमुळे. ॲल्फ्रेड राजाच्या काळापासून तेराव्या शतकापर्यंत विंचेस्टरात पडलेली सुमारे साडेपाच हजार नाणी आज जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि अभ्यासकांनी त्यांतल्या हजारो नाण्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहिलेत. ज्या व्यवस्थेत प्रत्येक नाण्यावर जबाबदार माणसाचं नाव कोरलेलं आहे तिला बेबंद कसं म्हणायचं?

ठशांचंही तसंच. चांदीच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी छाप उठवणारा वरचा आणि खालचा ठसा टाकसाळवाला स्वतःच्या मर्जीने कोरत नसे. ठसे राजाच्या ताब्यातल्या केंद्रांतून यायचे, आणि बाराव्या शतकापर्यंत ते काम बहुतेक लंडनात एकवटलं होतं. दर काही वर्षांनी नाण्याची नक्षी बदले. मग जुनी नाणी आणून द्यायची, ती वितळवून नवी घ्यायची, आणि या अदलाबदलीत राजाचा आणि टाकसाळवाल्याचा वाटा कापला जायचा. 1086 च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या देशभरच्या मालमत्तेच्या मोजणीत, वुस्टर गावाची नोंद आहे: नाणं बदललं की तिथला प्रत्येक टाकसाळवाला नव्या ठशांसाठी लंडनला 20 शिलिंग भरत असे. हेरफर्डला 7 टाकसाळवाले, त्यांतला एक बिशपचा. नवं नाणं निघालं की प्रत्येकाने ठशांसाठी 18 शिलिंग द्यायचे, आणि परत आल्यावर महिन्याभरात राजाला आणखी 20. विंचेस्टर शहर डूम्सडेत नाही, पण हेन्रीच्याच काळात तिथल्या मालमत्तांची वेगळी पाहणी झाली. त्यात टाकसाळवाले घरांचे मालक म्हणून भेटतात, आणि बाजारातल्या पाच टाकसाळी राजाच्या हुकुमाने मोडल्याचीही नोंद आहे. ही 1124 च्या आधीची गोष्ट. राजाचा हात तिथे आधीपासूनच पोचत होता.

हात तोडणं हीसुद्धा हेन्रीची कल्पना नव्हे. ॲथेलस्टनच्या कायद्यात लिहिलंय की टाकसाळवाला दोषी ठरला तर ज्या हाताने गुन्हा केला तो हात तोडून टाकसाळीवर लटकवावा. त्याच कलमात पुढे आहे की त्याला आरोप नाकारायचा असेल तर तापलेलं लोखंड हातात धरून निर्दोषपणा सिद्ध करता येईल. आपल्याला ही परीक्षा क्रूर वाटते, पण निदान आरोपीला आपली बाजू मांडायला वाट होती. म्हणजे शिक्षा दोनशे वर्षं कायद्यात होतीच. तिच्याने नाणं कायमचं सुधारत असतं, तर 1124 ची वेळच यायला नको होती.

दुसरा दावा: सगळ्या टाकसाळवाल्यांचे हात तोडले. भिक्षू तसंच लिहितो, हे खरं. पण एका मठाच्या वार्षिक नोंदीत शिक्षा झालेल्यांचा आकडा 94 दिलेला आहे, आणि खुद्द विंचेस्टरच्या मठातली नोंद सांगते की तिथले तीन टाकसाळवाले वाचले. 1130 सालच्या राजाच्या हिशेबपटात चिचेस्टरच्या ब्रँड नावाच्या टाकसाळवाल्याची ओळ आहे: इतरांबरोबर आपलं अंग छाटलं जाऊ नये यासाठी 20 पौंड. चार हजार आठशे पेनी. ज्याच्यापाशी एवढी रक्कम होती त्याचा हात शाबूत राहिला, आणि ती रक्कम राजाच्याच खजिन्यात जमा झाली. असल्या प्रकाराला आपण आज कोणत्या नावाने हाक मारतो? भ्रष्टाचारावरचा उपाय म्हणून मिरवली जाणारी ही घटना तिच्या कागदपत्रांत अशी दिसते.

नाण्यांची साक्षही तीच आहे. त्या नाताळाच्या अलीकडच्या नक्षीवर ज्यांची नावं आहेत त्यांतले बरेच जण पलीकडच्या नक्षीवरही आहेत. काहींना सोडलं असेल. काहींचा हात गेला असूनही ते धंद्यात राहिले असतील, आणि यात अशक्य काही नाही. टाकसाळवाला म्हणजे दिवसभर घाम गाळत हातोडा मारणारा कारागीर नव्हे. तो गावातला पैसेवाला, घरदार असलेला, चांदी घेणारा-देणारा माणूस. लाकडाच्या ओंडक्यात बसवलेल्या खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवून वरच्या ठशावर घाव घालायला त्याच्या हाताखाली माणसं होती. उजवा हात तोडून नाण्यांचं उत्पादन थांबत नव्हतं, आणि नाणं शुद्धही होत नव्हतं.

तिसरा दावा, आणि सगळ्या गोष्टीचा कणा: सगळी नाणी भेसळीची झाली होती, म्हणून महागाई आली. या दाव्याची परीक्षा घ्यायला आपल्याला कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही, कारण नाणी आजही आहेत. हेन्रीच्या काळातल्या पेनींचं धातुपरीक्षण झालंय, आणि बहुतेकींत चांदी शंभरात नव्वदच्या वर, म्हणजे मान्य कसाच्या आसपास निघते. खोटी नाणी होती. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली होती, हलक्या वजनाचीही होती. नॉर्मंडीत लढणाऱ्या राजाच्या सैनिकांना पगारात हिणकस नाणी मिळाल्याचं एक नॉर्मन इतिहासकार लिहितो, आणि हुकूम तिथूनच सुटला हे पाहता त्यात तथ्य असावं. पण काही नाणी खोटी असणं वेगळं आणि देशभरचं नाणं सडलेलं असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा धातूत सापडत नाही.

मग बाजारात काय चाललं होतं? उत्तर त्याच भिक्षूने 1124 च्या नोंदीत दिलंय. धान्य महागलं होतं असं सांगून तो भाव लिहितो: एक एकर पेरायला पुरेल एवढा गहू 6 शिलिंगांना, तेवढ्याच पेऱ्याची बार्ली, म्हणजे सातू, 6 शिलिंगांना, ओट 4 शिलिंगांना. आणि कारण देतो ते असं की धान्यच थोडं होतं. त्याला जोडून मग पेनीची तक्रार. म्हणजे महागाईची दोन कारणं त्याने शेजारीशेजारी लिहिली, आणि त्यात आधी आलं ते पीक. फिरणाऱ्या गोष्टीने पीक काढून टाकलं आणि टाकसाळवाले ठेवले, कारण दुष्काळाचा हात तोडता येत नाही.

पेनीबद्दलची तक्रारही नीट वाचायला हवी. भिक्षू म्हणतो, बाजारात पौंड घेऊन गेलेल्या माणसाला त्यातल्या 12 पेनीसुद्धा कशावर खर्च करता येत नव्हत्या. पुढच्या वर्षाच्या नोंदीत हाच आकडा एका पेनीवर येतो. म्हणजे हा संतापाचा आकडा आहे, मोजमाप नव्हे. आणि तक्रार आहे ती नाणं घेतलं जात नाही ही. विकणारा पेनी हातात घेऊन उलटसुलट पाहतो, वाकवतो आणि परत करतो. ही खोड नवी नव्हती. 1108 च्या सुमारास हेन्रीने नाण्याबद्दल जे हुकूम काढले त्यांची माहिती त्या काळच्या इतिहासकारांनी दिली आहे: चिरलेली, तुटकी पेनी लोक नाकारत होते, म्हणून प्रत्येक पेनीला मुद्दाम खाच पाडायचा हुकूम निघाला, म्हणजे कुणी तुटकी म्हणून नाकारूच नये. त्या नक्षींच्या पेनींच्या कडेला अशी छोटी खाच आजही दिसते. आतला धातू दिसावा, माणसाचा विश्वास बसावा. मला हा उपाय हात तोडण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो, आणि तो त्याच राजाच्या राज्यात निघाला होता. तो पुरला नाही, हेही खरं. वाईट हंगाम, युद्धासाठीचे कर आणि बाजारात मिसळलेली थोडी खोटी नाणी, एवढं एकत्र आलं की चांगल्या पेनीवरचाही विश्वास उडतो.

चौथा दावा: राजाने स्वतः निवाडा करून दोषींना शिक्षा दिली. राजा त्या नाताळात इंग्लंडात नव्हताच. 1123 च्या उन्हाळ्यापासून 1126 च्या सप्टेंबरपर्यंत तो समुद्रापलीकडे नॉर्मंडीत बंड मोडण्यात गुंतला होता. हुकूम तिथून आला आणि अंमल रॉजर बिशपने केला. कुणाचं नाणं तपासलं, कोणाविरुद्ध काय सापडलं, कुणी साक्ष दिली, याबद्दल नोंदीत एक अक्षर नाही. बोलावलं, आले, एकेकाला धरलं. आरोप ठेवला तोच मुळी सगळ्यांवर एकत्र.

न्याय झाला असं मानणाऱ्यांनी त्याच भिक्षूची आणखी एक ओळ वाचावी. त्याच 1124 च्या डिसेंबरात राजाचा न्यायाधीश राल्फ बॅसेट याने लेस्टरशायरमध्ये न्यायसभा भरवली आणि थोड्या वेळात 44 चोरांना फासावर चढवलं, सहा जणांचे डोळे आणि वृषणं काढली. भिक्षू लिहितो, त्यांतले कित्येक अन्यायाने मारले गेले असं बरीच खरी माणसं म्हणत होती. पुढे तो सांगतो की ते वर्ष फार जड गेलं: ज्याच्याकडे काही होतं त्याचं करांनी नेलं, ज्याच्याकडे काही नव्हतं तो उपाशी मेला. महिना तोच, राजा तोच, शिक्षा तशीच. चोरांच्या बाबतीत त्याला शंका आली आणि टाकसाळवाल्यांच्या बाबतीत नाही. चोर गरीब होते, टाकसाळवाले श्रीमंत आणि नावडते, एवढंच कारण असू शकेल. तरीही विंचेस्टरात आणलेल्यांतला प्रत्येक जण दोषी होता, हे पीटरबरोत बसलेल्या भिक्षूला कळायला मार्ग नव्हता आणि आपल्यालाही नाही.

आणि शेवटचा दावा: त्यानंतर इंग्रजी नाणं कायमचं सुधारलं.

1125 नंतर काही बदललं, हे मान्य. बऱ्याच लहान गावांच्या टाकसाळी बंद पडल्या आणि देशातली टाकसाळींची संख्या खूप घटली. दर दोन-चार वर्षांनी नक्षी बदलून लोकांची जुनी नाणी वितळवायला लावायची पद्धतही जवळपास थांबली. पुढची नक्षी हेन्रीच्या मरणापर्यंत, म्हणजे 1135 पर्यंत चालली. सारखी अदलाबदल थांबली, टाकसाळी कमी होऊन त्यांच्यावर नजर ठेवणं सोपं झालं. हे दोन्ही कारभारातले बदल आहेत. तिजोरीच्या बाजूनेही कस पाहायची सोय होती: जिल्ह्याचा अधिकारी राजाचा महसूल भरायला आला की त्यातल्या पौंडभर पेनी साक्षीदारांसमोर वितळवायच्या, आणि शुद्ध चांदी जेवढी कमी भरेल तेवढी भरपाई त्याच्याकडून घ्यायची. ही रीत पुढे त्याच रॉजर बिशपच्या नावावर सांगितली गेली. ती कुणाला आठवत नाही, कारण तिच्यात रक्त नाही.

आणि ती सुधारणा टिकली का? नाही. हेन्रीनंतर त्याचा भाचा स्टीफन आणि मुलगी मटिल्डा यांच्या गादीसाठीच्या झगड्यात सरदारांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली, ठसे खरवडले गेले, वजनं घसरली. 1158 मध्ये दुसऱ्या हेन्रीने नवं नाणं काढलं. त्यात चांदी चांगली होती पण छाप इतकी ओबडधोबड की अर्धी अक्षरं वाचता येत नाहीत. 1180 ला पुन्हा नवं नाणं, आणि या वेळचा बदल मुळाला हात घालणारा होता. जुनी चांदी घेऊन नवं नाणं देण्याचा फायद्याचा धंदा टाकसाळवाल्यांकडून काढून राजाच्या अधिकाऱ्यांकडे दिला. टाकसाळवाल्याला पाडलेल्या नाण्यांप्रमाणे मोबदला. ज्याच्या हातात ठसा त्याच्याच हातात विनिमय, ही अडचणीची जोडी तुटली.

1207 च्या ऑक्टोबरात राजा जॉनने असाच एक हुकूम काढला. 16 गावांचे टाकसाळवाले, कस पाहणारे आणि ठसे सांभाळणारे यांनी वेस्टमिन्स्टरला हजर व्हावं. विंचेस्टर त्या यादीत आहे. ठसे मोहरबंद करून बरोबर आणायचे होते. जॉनची दयाळू राजा म्हणून ख्याती नाही, पण त्याच्या कारभाऱ्यांनी ठसे मागवले, हात नव्हे. 1248 मध्ये तर नाणं तपासायला लंडनचे 12 नागरिक आणि 12 सोनार नेमले. त्याच वर्षी विंचेस्टरची टाकसाळ शेवटची उघडली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे गावातली माणसं निवडून द्यायची: चार टाकसाळवाले, चार ठसे सांभाळणारे, दोन कस पाहणारे, एक कारकून. एकाची नजर दुसऱ्यावर. ह्यू, जॉर्डन, निकोल आणि विल्यम या चौघांची नावं तिथल्या नाण्यांवर आहेत. 1250 ला ती टाकसाळ बंद झाली ती कायमची.

एवढं होऊनही नाण्याची कड कातरून चांदी काढण्याचा धंदा चालूच होता. मग 1278 साली पहिल्या एडवर्डने हात तोडण्याच्या पुढची पायरी गाठली. नाणी कातरल्याच्या आरोपावरून देशभरच्या सहाशेहून अधिक ज्यूंना पकडलं आणि लंडनात दोनशेहून अधिक जणांना फाशी दिली. पकडलेले ख्रिस्तीही होते, पण त्यांतले बरेच दंड भरून सुटले. 1124 च्या गोष्टीचं कौतुक करणारे 1278 चा उल्लेख का करत नाहीत? तर्क तोच आहे: एक गट धरा, जरब बसवा, नाणं सुधारेल. नाणं सुधारलं नाही. पुढच्याच वर्षी, 1279 ला, देशाचं सगळं नाणं नव्याने पाडावं लागलं, आणि त्यानंतरही चारशे वर्षं लोक पेनीची कड कातरत राहिले आणि त्यासाठी फासावर जात राहिले. ते थांबायला लागलं 1662 नंतर, नाणी यंत्रावर पडू लागली आणि मोठ्या नाण्यांच्या कडेवर अक्षरं, लहानांच्या कडेवर रेघा आल्या तेव्हा. जरा कातरलं की लगेच दिसे. 1696 ला हातोड्याने पाडलेली जुनी चांदीची नाणी चलनातून काढून घेतली. त्या कामासाठी लंडनबाहेर पाच शहरांत तात्पुरत्या टाकसाळी उघडल्या: ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉरिच आणि यॉर्क.